दचकलं नाही ते पिल्लू

"मग भीती जाते कधी, बाबा?"

दस्तगीरबाबांनी हातातला लोखंडी चिमटा तकियाच्या पायरीवर आपटला.

छण्ण!

केतकी वीतभर उडाली. मांडीवरची पर्स खाली, चप्पल एकीकडे, पाण्याची बाटली गडगडत थेट बाबांच्या शेळीपर्यंत.

बाबा पोट धरून हसले. "आज नाही गेली."

केतकीला हसू आलं नाही. एमए मानसशास्त्र, पहिला वर्ग. भीतीच्या प्रकारांवर तिनं चाळीस पानांचा प्रबंध लिहिला होता. आणि ती शाळेत शिकवायची त्या आठवीच्या वर्गात एका पोरीच्या हातून कंपासपेटी पडली, तेव्हा केतकी एवढ्या मोठ्यांदा किंचाळली होती की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गात रोज कंपासपेट्या पडू लागल्या. कधी तीन, कधी सात. केतकीनं महिनाभराची रजा टाकली.

गावाबाहेर चिंचेखाली फकिराचा हा तकिया. लोक इथं ताईत घ्यायला यायचे, फुंकर घालून दम केलेलं पाणी न्यायचे. केतकी या गुरुवारी दुसऱ्यांदा आली होती.

"मला ताईत द्या," ती म्हणाली.

"एवढी शिकलेली तू. तुला ताईत?"

"शिकून झालं, बाबा. भीती होती तिथंच आहे."

बाबा काही बोलणार, तेवढ्यात चिंचेवर कावळ्यांचा गलका झाला. काड्या, कापूस, सुतळीचे तुकडे असं काय काय खाली आलं. आणि पाठोपाठ मऊसा आवाज झाला... टप्.

खारीचं पिल्लू. डोळे मिटलेले, अंगावर लव फुटू लागलेली, अंगठ्याएवढं. सकाळी समोरच्या रस्त्यावर एक खार ट्रॅक्टरखाली आली होती, ती कुणाची आई हे आता कळलं. मुंग्यांनी पिल्लाची वाट धरलीच होती.

"उचल," बाबा म्हणाले.

"मी? अहो, वळवळतंय ते!"

"वळवळतंय म्हणून तर उचल. वळवळ थांबली की तुला भीती वाटायची नाही."

केतकीनं डोळे किलकिले केले, ओढणीच्या टोकानं ते उचललं आणि एक एक मुंगी झटकली.

"बाबा, गार पडलंय हो. फुंकर मारा ना. दम करा काहीतरी."

"माझी फुंकर गार असते, बेटी. याला ऊब पाहिजे."

त्यांनी तव्यावर वाळू गरम केली, फडक्यात बांधली, आपल्या गालाला लावून पाहिली, मग दिली.

"आधी ऊब. मग साखर-मिठाचं कोमट पाणी. ते पचलं तर माझ्या शेळीचं दूध, पाणी घालून. गार पोटात काही टाकायचं नाही."

"आणि ताईत?"

"दोन्ही हात भरलेत तुझे. बांधू कुठं?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती धावत आली. केस विंचरलेले नाहीत, पायात आईची चप्पल.

"बाबा, पोट फुगलंय. पातळ होतंय सारखं. मान टाकलीय त्यानं."

"काय पाजलंस?"

केतकी फडक्याची टोकं सारखी करत बसली.

"काय पाजलंस, बेटी?"

"...गाईचं दूध. घरात होतं ते. सारखं चिरकत होतं हो! मी घाबरले. वाटलं, भुकेनं मरेल. नाकातून पण आलं थोडं."

बाबा रागावले नाहीत. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"भूक कुणाची भागवलीस? त्याची, का तुझ्या घाबरण्याची?"

केतकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मेलं तर?"

"तर चिंचेखाली जागा आहे. आज मेलंय का?"

"नाही."

"मग आजचं विचार."

तिनं नाक पुसलं. ओढणी कमरेला खोचली. "सांगा. आजचं सांगा."

बाबांनी तिला गुरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. "मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. पुढचं त्याला येतं." डॉक्टरांनी औषधाचा थेंब दिला, सुई काढलेली बारीक सिरिंज दिली. पिल्लाला आडवं पाजायचं नाही, उभं धरायचं. दर दोन तासांनी. प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं खालून पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर त्याला शू होत नाही.

केतकीनं मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावला. गजर वाजला की आधी ती दचकायची, मग उठायची, मग पाजायची. चौथ्या दिवशी वाळू थोडी जास्त तापली होती, ती लावून बघताना तिनं स्वतःचा गाल भाजून घेतला. सहाव्या दिवशी पुन्हा पातळ झालं. पुन्हा साखर-मिठाचं पाणी, पुन्हा पहिल्यापासून.

आई म्हणाली, "अगं, सोड आता. नाही जगत ते. वाळलीस बघ कशी."

"जगेल न जगेल. दोन तास झालेत, सरक."

*

दोन आठवड्यांनी गुरुवारी केतकी तकियात आली ती ताठ मानेनं. पिल्लाचं पातळ होणं थांबलं होतं. डोळे उघडले होते. पाठीवर पट्टे उठून दिसत होते. ओंजळीत ते निवांत पडून होतं.

"बघा, बाबा. सगळे उंदीर म्हणत होते याला. आणि किती शांत आहे! कशालाच घाबरत नाही. माझ्यापेक्षा बरं."

बाबांनी पिल्लाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चिमटा उचलला.

छण्ण!

केतकी उडाली. ओंजळ मात्र सुटू दिली नाही.

पिल्लू... पिल्लू तसंच पडून होतं. कानसुद्धा हलला नाही.

बाबांचं हसू मावळलं. "अजून आजारी आहे."

"कसं शक्य आहे? दूध पितंय, शी घट्ट झालीय, डोळे..."

"दचकलं नाही."

"मग चांगलंच आहे ना ते?"

बाबा शेळीचं दूध काढायला बसले.

*

घरी केतकीनं स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. स्वतःच कान दाबून भिंतीला चिकटली. पिल्लू पडून. पुन्हा टाकलं. मग पातेलं. मग खलबत्ता.

आई आतून ओरडली, "अगं, वेड लागलं का? कुकरची शिट्टी झाली की गच्चीवर पळणारी तू, आणि आज भांड्यांचं दुकान काढलंस?"

"दचकत नाहीये गं ते!"

"तुम्हा दोघांपैकी कुणाला तरी दवाखान्यात न्यायला पाहिजे मला."

डॉक्टरांनी पिल्लाच्या कानाजवळ चुटकी वाजवली, मान हलवली. अशक्तपणा आहे, म्हणाले. वेळ लागेल, आणि शब्द देत नाही.

केतकीनं भांडी जागेवर लावली. दोन तासांचा गजर पुन्हा लावला. दुधात पाणी किती, वाळू किती गरम, वजन किती, सगळं वहीत लिहायला लागली. सकाळी ऊन कोवळं असताना पिल्लाला ओढणीखाली घेऊन अंगणात बसायची. रोज बेदाण्याएवढा कुस्करलेला अंजीर सिरिंजच्या टोकाला लावून बघायची. रोज पिल्लू तोंड फिरवायचं. ती रोज लावायची.

एके दिवशी तिच्या लक्षात आलं, गजर वाजायच्या आधीच आपण उठलेले असतो.

आणि एके दिवशी त्यानं अंजीर चाटला.

*

रजेचा शेवटचा गुरुवार. मुख्याध्यापिकांचा निरोप आला होता: सोमवारी हजर व्हा, नाहीतर आम्ही दुसऱ्या बाई बघतो.

तकियात कुणी नव्हतं. बाबा लोबान घेऊन बाजारात फेरीला गेले होते. केतकी पायरीवर बसली. फडकं उलगडलं, पिल्लाला तळहातावर घेतलं. निरोपाचा कागद पर्समध्ये होता. तिनं तो तीनदा वाचला होता.

मागं फाटक करकरलं. बाबा आत आले. आत येताना चौकटीवर चिमटा आपटायची त्यांची सवयच होती.

छण्ण!

केतकी उडाली.

तळहात रिकामा!

काहीतरी सर्रकन दंडावरून वर गेलं, खांद्यावरून मानेमागं, वेणीखाली. चार बारीक नख्या कातड्यात रुतल्या. आणि तिच्या कानाशी, आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण ताकदीनं... चिर्रर्र! चिर्रर्र! चिर्रर्र!

"बाबा!" केतकी किंचाळली. मागं हात नेऊन तिनं वेणीवर ओंजळ धरली. त्या इवल्या छातीचे ठोके बोटांना लागत होते. तिची स्वतःची छातीही तशीच उडत होती. "बाबा, दचकलं! दचकलं हो ते! शेपटी बघा, हाताला लागतेय कशी फुललेली!"

ती हसत होती आणि रडत होती.

बाबांनी वाकून वेणीखाली पाहिलं. समाधानानं मान डोलावली. लोबानाचं भांडं खाली ठेवलं.

पिल्लू हळूहळू गप्प झालं. शेळीनं एकदा कान हलवले. चिंचेची पानं पडत राहिली...

"बाबा," केतकी म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "हे झालं. आता माझं काय? मी तर आत्ताही उडाले. त्या पोरी सोमवारी कंपासपेट्या घेऊन बसलेल्याच असतील."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. त्या गुरुवारी पिल्लाकडे पाहिलं होतं तसंच.

मग चिमटा उचलला.

केतकीला दिसत होतं. कळत होतं. तिनं दात आवळले, पाय रोवले.

छण्ण!

तरी ती उडालीच.

बाबांनी तशीच समाधानानं मान डोलावली.

"तब्येत ठणठणीत आहे. सोमवारी शाळेत जा."