कुमुदवतीच्या कपाळावरचं माणिक

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि डोंगर आपली नावं स्वतः ठेवीत, तिथे कुमुदवती नावाची राणी होती. वय अवघं एकोणीस. पिता रणात पडला आणि तेराव्या दिवशी ती गादीवर बसली. राज्याभिषेकाला एका मांत्रिकानं तांबडं माणिक नजर केलं. राणीनं ते कपाळी लावलं, ते चिकटलं, ते निघेचना!

त्या दिवसापासून अघटित घडू लागलं. राणीच्या मनात राग आला की नगरावर वीज पडे. भीती वाटली की धुकं दाटे, रडू आलं की पाऊस कोसळे. म्हणून ती सारं गिळू लागली, ओठ आवळून बसू लागली. तर तिसऱ्या दिवशी असं वादळ सुटलं की कुंभारआळीची छपरं उडाली.

तेव्हा सज्ज्यावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"राणी, दाबलेलं दुःख हे त्या माणकाचं अन्न. धूम्रगिरीच्या सरोवरापाशी ते सुटेल. निघतेस?"

"आत्ता निघते!" राणी म्हणाली, आणि पादत्राणं चढवून निघालीसुद्धा.

पहिल्या दिवशी दरी आली. दरीवर वेलींचा पूल, आणि चालणाऱ्याचं काळीज जसं उडे तसा तो पूल उडे. राणीनं पाऊल टाकलं मात्र, पूल घोड्यासारखा उधळला!

"भिऊ नको असं मी म्हणणार नाही," भारद्वाज ओरडला. "श्वास मोज! चार अंक आत, सहा अंक बाहेर!"

वेली घट्ट धरून राणीनं श्वास मोजला. पुन्हा मोजला. भीती होतीच, पण काळीज लयीवर आलं, पूल पाळण्याएवढा हलू लागला आणि राणी पैलतीरी उतरली.

दुसऱ्या दिवशी खिंडीत पाषाणराक्षस आडवा आला. वाटेवर धोंड्यांची रास.

"बापाच्या गादीवर बसलेली पोर! तुला राज्य काय कळतं?"

राणीनं तलवार हाणली. राक्षस दुप्पट झाला. पुन्हा हाणली, तो चौपट झाला. आभाळ कडाडलं.

"राग आला असेल तर आला म्हण," पाखरू म्हणालं, "पण हातांना दुसरं काम दे."

"मला राग आलाय!" राणी गरजली. तलवार फेकून ती धोंड्यांना भिडली. एकेक धोंडा लोटी, दरीत ढकली, पुढच्याला हात घाली. सूर्य माथ्यावर आला, अंग घामानं निथळलं, वाट मोकळी झाली. वळून पाहते तो राक्षस अंगठ्याएवढा!

"जा बाई," तो चिरक्या आवाजात म्हणाला, "दमवलंस मला."

तिसऱ्या दिवशी सरोवर दिसलं. काठावर एक जखीण पेला घेऊन बसली होती.

"पी. सगळं दुःख विसरशील."

राणीचा हात पुढे झाला. मग थबकला.

"माझे वडीलही विसरेन का?"

"तेच तर दुःख आहे तुझं."

"मग नको," राणी म्हणाली. ती मटकन खाली बसली आणि पाखराकडे वळली. "ऐकशील माझं?"

"ऐकेन."

"युद्धाला निघाले त्या सकाळी मी रुसले होते. मला सोबत नेलं नाही म्हणून. दोनदा हाक मारली त्यांनी. मी बाहेर आलेच नाही रे!"

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. राणी रडली, हमसून हमसून, मोठ्यानं रडली. भारद्वाज तिच्या गुडघ्याशी सरकून बसला. आणि आभाळातून थेंबही पडला नाही. माणिक आपसूक गळलं, पाण्यात बुडालं, आणि जखीण पेल्यासकट विरून गेली!

राणी नगरात परतली. तिचे डोळे सुजलेले पाहून लोकांनी घाईघाईनं दारं लावली. एका कुंभारणीनं मात्र धीर करून दार किलकिलं केलं.

"राणीसाहेब, रडलात? मग आता आभाळाचं काय होणार?"

कुमुदवती हसली. "आभाळ आता आपल्या मर्जीनं चालेल, बाई. माझं मन मी सांभाळीन. जड झालं तर येईन तुझ्याकडे बोलायला."

"या की," कुंभारीण म्हणाली आणि तिनं दार सताड उघडलं.

मग आळीतली सारी दारं उघडली, छपरं शाकारली गेली, आणि त्या राज्यात पाऊस पावसाच्या वेळी पडू लागला.