इटी मुंगी आणि शेपूचा दाणा

एका घरामागे परसबाग होती. बागेत शेपूचा वाफा होता. कडेचं एकच झाड बियांसाठी ठेवलं होतं. उंच, छत्रीसारख्या फुलोऱ्यांचं. छत्र्या वाळल्या होत्या. दाणे पिकले होते.

तिथे इटी नावाची मुंगी होती. आज ती पहिल्यांदाच एकटी निघाली. झाडावर चढली. एक दाणा तोडला. खाली आली, तुरु तुरु तुरु. दाणा घरी न्यायचा होता, बहिणींना दाखवायचा होता.

वाटेत दाणा निसटला. टिप.

तेवढ्यात खुडूक कोंबडी आली. बरोबर दाण्यावर बसली. खुडूक कोंबडी एकदा बसली, की उठायचं नाव घेत नाही.

इटी म्हणाली, “कोंबडीबाई, कोंबडीबाई, जरा उठ. खाली माझा दाणा आहे.”

कोंबडी म्हणाली, “आबांनी मूठभर ज्वारी टाकली, तर उठेन.”

“बरं. आबांना सांगते.”

तुरु तुरु तुरु. आबा ओट्यावर बसले होते. मांडीवर बाळ होतं.

“आबा, आबा,
कोंबडी उठेना,
माझा दाणा मिळेना.”

आबा हळू बोलले. “बाळ निजलं, की टाकतो गं ज्वारी. आत्ता हात कुठे मोकळे आहेत?”

“बरं. बाळाला सांगते.”

तुरु तुरु तुरु. इटी आबांच्या धोतरावरून वर चढली.

“बाळा, बाळा,
आबा ज्वारी टाकेनात,
कोंबडी उठेना,
माझा दाणा मिळेना.”

बाळाला कुठे बोलता येतं? बाळ म्हणालं, “ट्यां. ट्यां. ट्यां.”

इटीला कळलं. बाळाला भूक लागली होती.

“बरं. आईला सांगते.”

तुरु तुरु तुरु. आई खोलीत बाजेवर होती.

“आई, आई,
बाळ निजेना,
आबा ज्वारी टाकेनात,
कोंबडी उठेना,
माझा दाणा मिळेना.”

आई म्हणाली, “शेपूची भाजी खाईन, मग दूध येईल, मग पाजेन. गोदामावशी केव्हाची विळी घेऊन बसली आहे. पण शेपूनं मान टाकली आहे.”

“बरं. शेपूला सांगते.”

तुरु तुरु तुरु. वाफ्यातला सगळा शेपू आडवा झाला होता.

“शेपूदादा, शेपूदादा,
आई पाजेना,
बाळ निजेना,
आबा ज्वारी टाकेनात,
कोंबडी उठेना,
माझा दाणा मिळेना.”

शेपू म्हणाला, “तहान लागली. पाणी आलं, तर उभा राहीन.”

“बरं. पाण्याला सांगते.”

तुरु तुरु तुरु. बाळाच्या अंघोळीचं पाणी रोज पाटातून शेपूला यायचं. आज ते पाटातच थांबलं होतं.

“पाणीदादा, पाणीदादा,
शेपू उभा राहीना,
आई पाजेना,
बाळ निजेना,
आबा ज्वारी टाकेनात,
कोंबडी उठेना,
माझा दाणा मिळेना.”

पाणी म्हणालं, “वाटेत ढेकूळ आहे. ते सरकलं, तर येईन.”

“बरं. ढेकळाला सांगते.”

तुरु तुरु तुरु.

“ढेकळा, ढेकळा,
पाणी येईना,
शेपू उभा राहीना,
आई पाजेना,
बाळ निजेना,
आबा ज्वारी टाकेनात,
कोंबडी उठेना,
माझा दाणा मिळेना.”

ढेकूळ म्हणालं, “मला पाय नाहीत. सकाळी माती उकरताना कोंबडीनंच मला इथे ढकललं.”

इटीने ढेकळाकडे पाहिलं. ढेकूळ मोठं होतं. इटी लहान होती.

“बरं,” इटी म्हणाली. “मग मीच करते.”

एक कण उचलला, बाजूला ठेवला. कुटुक. दुसरा उचलला, बाजूला ठेवला. कुटुक. कुटुक कुटुक कुटुक. ढेकळाला भोक पडलं. भोकातून पाणी आलं. मग ढेकूळ विरघळलं.

खळ खळ खळ, पाणी आलं.
शेपू उभा राहिला. हिरवागार. घमघम वास सुटला.

गोदामावशी विळा घेऊन आली. तिने शेपू उपटला नाही. बुडाशी दोन बोटं उंचीचा ठेवला आणि वरचा कापला. आता तो पुन्हा फुटेल. मावशीने मुगाची डाळ घातली, लसणाची फोडणी दिली. चर्र.

आईनं भाजी-भाकरी खाल्ली.
आईनं बाळाला पाजलं.
बाळ निजलं. गुडुप.
आबांनी ज्वारी टाकली. सर्र.
खुडूक कोंबडी उठली. पळाली.

आणि दाणा तिथेच होता. छान ऊन ऊन झाला होता.

इटीने दाणा उचलला. तुरु तुरु तुरु. घरी गेली. बहिणी दारातच होत्या. दाण्याला हुंगून एक म्हणाली, “याला कोंबडीचा वास येतो.”

“येणारच,” इटी म्हणाली. “पण आणलाय मी.”

मग सगळ्यांनी मिळून दाणा आत नेला.

बाळ झोळीत, दाणा बिळात, गोष्ट तुमच्या कानात.