गेनू, पैलवान आणि पसाभर ज्वारी

खिलारवाडीत एक भोळा माणूस राहत होता. नाव गेनू. वय तीस, तब्येत दणकट, मन निर्मळ. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा. गावाची तीच तर तक्रार होती.

गावात कुंदाताईंचं खेळघर होतं. ताई पूर्वी शाळेत संगणक शिकवायच्या. आता जुन्या शाळेच्या एका खोलीत त्यांनी दोन पीसी मांडले होते. एक जुनाट, त्याचा पंखा खोकायचा. त्याला सगळे म्हातारा म्हणत. दुसरा नवा कोरा, त्याचं नाव पैलवान. टीव्हीला लावून खेळायचे जुने डबे केव्हाच मोडले होते, पण त्यांचे खेळ ताईंनी जपून ठेवले होते. पीसीत एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम टाकला की पीसी त्या डब्याचं सोंग घेतो आणि खेळ चालू होतो. गेनूचं काम खेळ लावून द्यायचं. शिवाय कोपऱ्यात ज्वारीचा डबा होता. दारात बहुरूपी आला तर त्याला पसाभर ज्वारी घालायची, तेही गेनूचंच काम.

खोली मात्र पंचायतीची. सोमवारी पंचायत समितीचे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर खोली ताईंची, नाही पटलं तर खताच्या पोत्यांची. काळजीनं ताईंना जेवण जात नव्हतं. ताईंना जात नाही म्हणून गेनूलाही जात नव्हतं.

गुरुवारी पोस्टमन रघुजी आले. त्यांना माकडाच्या उड्यांचा खेळ हवा होता, अगदी जुना, कॅसेटवरचा. गेनूनं तो पैलवानावर लावला.

"अरे, माकडाला पैलवान कशाला?" ताई म्हणाल्या. "हलका खेळ म्हाताऱ्यालाही झेपतो. जड खेळ पैलवानाला द्यायचा. आधी वजन बघ, मग मशीन दे."

गेनूला समजलं. गेनूला समजलं की गावाच्या पोटात गोळा यायचा.

शुक्रवारी तो वाण्याचा तराजू घेऊन आला. माकडाची कॅसेट भरली शंभर ग्रॅम. मोटारशर्यतीची डिस्क भरली पंधरा. त्यानं शर्यत म्हाताऱ्यावर लावली आणि रघुजींना बसवलं. गाडी सुटली. दहा मिनिटं झाली तरी ती सुटतच होती.

"गेनबा, बैल जोड याला," रघुजी म्हणाले.

ताईंनी कपाळावर हात मारला. "तराजूतलं वजन नव्हे रे, मशीनला पडणारे कष्ट! सोपी खूण सांगते. वय बघ. जुन्या काळचं ते हलकं, नव्या काळचं ते जड."

गेनूला समजलं.

शनिवारी सकाळी आबा पवार आले. त्यांना शर्यत लावायची होती. गेनूनं त्यांना खालून वर न्याहाळलं.

"आबा, वय किती?"

"ऐंशी."

"मंग तुमी हलकं," म्हणून त्यानं आबांना म्हाताऱ्यापुढं बसवलं. तेवढ्यात शेजारची सून सहा महिन्यांची पोर काखेत घेऊन डोकावली. गेनूनं पोर उचलली आणि पैलवानापुढच्या खुर्चीत ठेवली. "नव्या काळची हाय. जड." पोरीनं माउसची वायर चघळली.

"माणसाचं नाही रे, खेळाचं वय!" ताई ओरडल्या.

"मंग तसं म्हनायचं की."

दुपारी त्यानं खरोखरच खेळाचं वय बघितलं. एक खेळ भलताच जुना निघाला. गेनूनं तो म्हाताऱ्यावर लावला. म्हातारा दोनदा खोकला, मग कण्हायला लागला आणि खोलीत जळका वास सुटला.

"जुनाच हाय की, ताई!" गेनू रडकुंडीला आला. या वेळी त्याची खरंच चूक नव्हती. भोळ्या माणसावर असाही अन्याय होतो.

ताईंनाही त्याची दया आली. त्या शांतपणे म्हणाल्या, "हा खेळ ज्या डब्याचा, तो डबा जुना, पण आतून आडवळणी. याच्या पोटात दोन मेंदू होते. एक इकडे ओढायचा, दुसरा तिकडे. आपला बहुरूपी बघ. नुसता फौजदार व्हायला त्याला काय लागतं? पण फौजदार आणि चोर दोन्ही एकट्यानं व्हायचं, तेही एकाच वेळी, म्हटल्यावर घाम फुटेल. दोन मेंदूंचं सोंग सगळ्यात अवघड. मग मशीन तापतं. तापलं की वारा घालायचा आणि बाकीचं चालू असलेलं सगळं बंद करायचं."

गेनूला हे फारच चांगलं समजलं.

सोमवारी साहेब आले. साधा शर्ट, हातात फाइल, चेहरा घामानं डबडबलेला. आबा पैलवानावर शर्यत खेळत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या नंबरावर होते. साहेब खूश झाले.

"छान चाललंय," ते म्हणाले. "एक मन म्हणतं, खोली तुम्हालाच द्यावी. दुसरं मन म्हणतं, गावाला गोदामही हवंय."

गेनूचे कान टवकारले. एक इकडे ओढतंय, एक तिकडे! तो पुढं झाला आणि त्यानं साहेबांच्या कपाळाला हात लावला.

"ताई, तापलंय!"

ताई उठेपर्यंत त्यानं मेन स्विच खाली ओढला. म्हातारा गेला, पैलवान गेला, आबांची गाडी शेवटच्या वळणावर गेली. गेनू कोपऱ्यातल्या सुपानं साहेबांना वारा घालू लागला. मग त्यानं डब्यातली पसाभर ज्वारी त्यांच्या हातात घातली.

"लई अवघड सोंग काढलं, बुवा. दमला असाल."

"अहो, मी खरा साहेब आहे!"

"पीसी बी असंच म्हनतो, मी खरा डबा हाय."

साहेब ज्वारीसकट निघून गेले.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेनू, ते खरे साहेब होते रे. साहेबाचा रुबाब ओळखता येऊ नये? रुबाब बघायचा! जा, पाया पड, पण खोलीचा कागद घेऊन ये."

ताईंना रडताना गेनूनं कधी पाहिलं नव्हतं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यानं खिशात ज्वारी भरली आणि धूम ठोकली.

एसटी स्टँडवर साहेब जीपपाशी ड्रायव्हरची वाट बघत होते. ज्वारी अजून मुठीतच होती, टाकवत नव्हती. शेजारी एक बहुरूपी उभा होता. फौजदाराचं सोंग, पीळदार मिश्या, छातीवर सात बिल्ले, गळ्यात शिट्टी.

गेनूनं रुबाब बघितला आणि बहुरूप्याच्या पायांवर लोळण घेतली.

"साहेब, चुकलं माझं! खोली काढून घेऊ नका. आबांशी घरात कुनी बोलत न्हाई. हितं त्यांची गाडी तरी घुर्र करती. ताईंनी आपल्या पदरचं सगळं त्या खोलीत घातलंय. मला शिक्षा करा, पर खोली ऱ्हाऊ द्या."

बहुरूपी क्षणभर गडबडला. पण सोंग घेतलं की निभवावं लागतं. "मंजूर!" तो गरजला. झोळीतून कागद काढून त्यानं त्यावर लालभडक शिक्का हाणला आणि तो गेनूला दिला.

खरे साहेब सगळं ऐकत होते. मग त्यांनी फाइलमधला एक कागद जीपच्या बॉनेटवर ठेवून चार ओळी लिहिल्या, सही केली आणि तो गेनूच्या हातात दिला. "तुझ्या ताईंना दे," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

गेनू धापा टाकत खेळघरात आला. "ताई, मिळाला कागद!"

ताईंनी कागद उलगडला. वर बटाटा कापून केलेला शिक्का होता. खाली लिहिलं होतं, 'हा कागद जवळ असणाऱ्यास कुठेही काहीही करण्याची परवानगी. हुकमावरून, फौजदार, सात समुद्र.'

"अरे, हा तर बहुरूप्याचा!" ताईंनी कागद उलटून बघितला. "आणि साहेब? साध्या शर्टातले? त्यांनी काही दिलं?"

"त्या सोंगाड्यानंबी दिला की एक कागद. शिक्का न्हाई, काय न्हाई, नुसतं निळं गिरबटलेलं. खोली, कायमची, असलं कायतरी."

"कुठाय तो?"

"फौजदारसाहेबांना ज्वारी द्यायची हुती. एवढा रुबाबाचा मानूस, त्याच्या हातात उघडी कशी घालायची? त्या कागदाची पुडी केली."

"आणि बहुरूपी कुठाय?"

"गेला की पुढच्या गावाला, एसटीनं." गेनूनं ताईंचा चेहरा बघितला आणि घाईघाईनं धीर दिला. "काळजी करू नका, ताई. पुडी अशी घट्ट बांधलीय, येक दाना सांडायचा न्हाई."