बिनशेपटीची पदवीधर

तांबडझरी नावाचं एक रान होतं. तिथे एक वाघ राज्य करायचा आणि बाकीचे त्याला दर खेपेला निवडून द्यायचे. निवडणूक अगदी रीतसर व्हायची. ज्याला वाघाविरुद्ध उभं राहायचं असेल, त्याला आदल्या दिवशी विचारविनिमयासाठी गुहेत बोलावलं जाई. विचारविनिमय मोकळ्या वातावरणात होई. तिथून कोणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यामुळे महाराज बिनविरोध निवडून येत आणि प्रजेचा मतदानाचा त्रास वाचे.

या रानाच्या उताराकडच्या अंगाला बेहडा नावाचं एक अस्वल राहायचं. त्याची बायको चारोळी आणि एकुलती एक लेक टेंभुर्णी. अस्वलांत नावं रानमेव्यावरून ठेवायची पद्धत आहे. बेहड्यानं जन्मभर मध काढला. एका आग्या मोहोळानं त्याचा उजवा डोळा नेला, तरी त्यानं काम सोडलं नाही. काढलेला सगळा मध राजभांडारात जमा करावा, असा नियम होता. तिथून तो कुठे जातो हे विचारू नये, असाही नियम होता.

टेंभुर्णी लहानपणापासून बापाच्या मागे मागे फिरलेली. ती नाक वर करून उभी राहायची आणि सांगायची, पलीकडच्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीत पोळं आहे. जाऊन बघावं तर असायचंच. बेहडा तिला म्हणायचा की मध्ये मध्ये बोलू नकोस. घरी आल्यावर मात्र चारोळीला हळूच सांगायचा की पोरीचं नाक माझ्याहून तिखट आहे.

ती शिकायच्या वयाची झाली आणि घरात प्रश्न उभा राहिला, शाखा कोणती घ्यायची. रानातलं महाविद्यालय एका जुन्या उंबराखाली भरायचं. एकेका फांदीखाली एकेक विषय, म्हणून विषयाला शाखा म्हणत. मधशाखेत एक म्हातारं अस्वल शिकवत असे आणि शिकवता शिकवता झोपत असे. पाणशाखेत जमिनीखालचं पाणी ओळखायला शिकवत, पण तिथे फारसं कोणी फिरकत नसे. तिसरी शाखा लांगूलचालनाची, म्हणजे साध्या भाषेत शेपूट हलवण्याची. तिथे इतकी झुंबड उडायची की फांदीला धक्के बसून ती वाकली होती.

झुंबडीचं कारण सरळ होतं. महाराज बोलत असताना त्यांच्या पाठीमागे उभं राहून शेपूट हलवायला दरबारात जागा निघत, आणि त्या भरतही. बाकीच्या शाखांच्या जागाही निघत, पण निघाल्या की तिथेच थांबत. शेजारच्या रानडुकरिणीचा मुलगा नुकताच दरबारात लागला होता. ती हे पाणवठ्यावर रोज सांगायची, कोणी विचारलं नाही तरी.

टेंभुर्णीनं घरी सांगितलं की मला मधशाखा घ्यायची आहे. बेहडा बराच वेळ पंजानं जमीन उकरत बसला आणि मग त्यानं लेकीला समोर बोलावलं.

"माझ्याकडे नीट बघ. डोळे किती दिसतात?"

"एक, बाबा."

"मध मी काढला. तो भांडारात गेला. मला राहिले ते डंख. ज्यांनी तो चाटला, त्यांच्या अंगावर एक चावा नाही, कारण ते महाराजांच्या मागे उभे होते. मला माझी पोर त्या रांगेत बघायची आहे."

चारोळी म्हणाली की सगळं खरं, पण आपल्याला शेपूट कुठे आहे.

"आहे," बेहडा म्हणाला. "केसांत शोधलं की सापडतं. शिकली म्हणजे वाढेल."

टेंभुर्णीला बापाचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिला तो आला नाही. बाप लोभानं नाही, भीतीनं बोलतोय, हे तिला कळलं, आणि भ्यालेल्या बापाशी वाद घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या फांदीखाली जाऊन उभी राहिली.

तिथले प्राचार्य म्हणजे लांगूलराव नावाचं एक वयस्क वानर. त्यांची शेपटी इतकी लांब होती की चालताना ते ती उपरण्यासारखी खांद्यावर टाकत. त्यांनी टेंभुर्णीभोवती एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली. तिला वाटलं, सुटले. पण लांगूलरावांनी खाकरून गळा साफ केला आणि भोवतीच्या विद्यार्थ्यांना उद्देशून सांगितलं की महाराजांच्या राज्यात शेपटीवाचून कोणी मागे राहणार नाही.

"शेपटी हा अवयव नाही," ते म्हणाले. "ती वृत्ती आहे."

सगळ्यांनी शेपट्या हलवल्या. टेंभुर्णीला प्रवेश मिळाला.

शिक्षण कठीण नव्हतं. महाराजांनी आश्वासन दिलं की संथ हलवायची. योजना जाहीर केली की जोरात. आश्वासन का पाळता आलं नाही हे महाराज समजावून सांगू लागले की सगळ्यात जोरात. टेंभुर्णीला हे सगळं तोंडपाठ झालं, पण प्रात्यक्षिकाला अडचण यायची. चारोळीनं कुसळी गवताची एक शेपटी वळून दिली होती. ती वेलीनं कमरेला बांधून टेंभुर्णी वर्गात जायची. हलवली की ती एकीकडे जायची आणि टेंभुर्णी दुसरीकडे. माकडांची पोरं हसायची. तीही त्यांच्याबरोबर हसायची, आणि घरी येताना मुद्दाम लांबच्या वाटेनं यायची, जिथे कोणी भेटणार नाही.

शेवटची परीक्षा खुद्द महाराजांसमोर झाली. आईबापांनाही बोलावलं होतं. बेहडा गर्दीच्या मागे एका दगडावर चढून एका डोळ्यानं बघत होता. महाराजांनी घोषणा केली की यंदा दुष्काळ पडणार नाही, कारण त्यांनी त्याला परवानगी दिलेली नाही. पन्नासाच्या वर शेपट्या एका वेळी उठल्या. टेंभुर्णीनंही जोर लावला आणि वेल तुटली. गवताची शेपटी उडून थेट महाराजांच्या पुढ्यात पडली.

सगळं थांबलं. टेंभुर्णीनं दगडाकडे पाहिलं. बापाचा तो एक डोळा विस्फारला होता. मग तिला काय झालं कोणास ठाऊक, ती सगळीच्या सगळी हलू लागली. कंबर, पाठ, मान, कान, अंगावरचे झिपरे केस, लोंबणारा खालचा ओठ, सगळं. धूळ उठली. पहिल्या रांगेतले ससे मागे सरकले.

महाराजांनी पंजानं ती गवताची शेपटी बाजूला सारली.

"ही मनापासून हलते," ते म्हणाले.

टेंभुर्णी पहिली आली. लांगूलरावांनी त्याच दिवशी या प्रकाराला सर्वांगचालन असं नाव दिलं आणि ते पुढच्या वर्षापासून सक्तीचं केलं. कासवानं सवलत मागितली. त्याला कवच बाजूला ठेवून यायला सांगण्यात आलं.

टेंभुर्णी दरबारात लागली. बेहडा पाणवठ्यावर जाऊ लागला आणि कोणी विचारलं नाही तरी सांगू लागला. घरात सुख आलं, कारण दरबारात उभं राहणाऱ्याला राजभांडारात जाऊन मध चाटायची मुभा होती. टेंभुर्णीही जायची. आत पाहिलं तर सगळेच चाटत होते, तरस, कोल्हे, रानडुकरिणीचा मुलगा. भांडाराच्या दारावर पाटी होती की हा मध प्रजेचा आहे. ते प्रजाच होते, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

फक्त संध्याकाळी तिची कंबर धरायची. आणि एकदा घरी येताना ती एका झाडाखालून गेली, तेव्हा कानाजवळून एक मधमाशी गुणगुणत गेली. तिनं वर पाहिलं. डोक्यावर हातभर लांब पोळं लोंबत होतं आणि तिला त्याचा वास आला नव्हता. ती तिथेच बसली. माश्यांना ती आजवर कधी भ्यायली नव्हती. या न आलेल्या वासाला मात्र ती भ्यायली.

इकडे महाविद्यालयात मधशाखा विद्यार्थ्यांअभावी बंद झाली. फांदी तोडून तिचा लांगूलचालनाच्या फांदीला टेकू करण्यात आला. म्हातारं अस्वल झोपेतून उठलं तेव्हा त्याच्यावर सावली नव्हती. ते निघून गेलं. बेहडाही आता मध काढत नव्हता, काढायची गरज नव्हती. रानात कोणीच काढत नव्हतं.

मग निवडणूक आली. महाराजांना रोज ठिकठिकाणी बोलावं लागे, आणि बोलून बोलून त्यांचा घसा बसला. राजवैद्य घुबडानं मध चाटवायला सांगितलं. भांडार उघडलं तर भिंती चाटून लख्ख केलेल्या. दुसऱ्या दिवशी मोठी सभा होती.

महाराज दरबाराकडे वळले आणि कसंबसं म्हणाले, "मध."

दरबारानं शेपट्या हलवल्या.

"मध," महाराज पुन्हा म्हणाले. आवाज जवळजवळ आलाच नाही.

दरबार सर्वांगानं हलू लागला. त्यांचा इरादा वाईट नव्हता. त्यांना तेवढंच शिकवलं होतं. त्या सगळ्या हलण्यात टेंभुर्णी एकटी स्थिर उभी राहिली. दरबारात स्थिर उभं राहणं हा गुन्हा होता, म्हणून महाराजांची नजर तिच्यावर गेली. "मी आणते," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता निघाली.

ती आधी घरी गेली. बेहड्याला घडलेलं सांगितलं. तो उठला आणि तिच्याबरोबर चालू लागला. उतारावर ती नाक वर करून उभी राहिली. कसलाच वास येईना. बेहडा बाजूला उभा होता. त्यालाही म्हातारपणामुळे येत नव्हता, पण तो मध्ये बोलला नाही. उन्हं कलली, वारा फिरला, आणि टेंभुर्णी एकदम घळीकडे धावत सुटली. कड्याला लागून एक बेहड्याचंच झाड होतं. ती चढली. माश्यांनी तिला मनसोक्त फोडलं. खाली उतरली तेव्हा थोबाड सुजून दुप्पट झालं होतं आणि पंजात पोळं होतं.

बापानं तिच्या नाकात रुतलेले डंखांचे काटे एकेक करून काढले.

"दुखतंय?"

"खूप."

"मग हसतेस कशाला?"

तिनं पोळं त्याच्यापुढे धरलं. पोळ्याचा एक तुकडा त्यानं नियम मोडून चारोळीसाठी बाजूला काढला.

महाराजांचा घसा सुटला. सुटलेल्या घशानं त्यांनी पहिली घोषणा केली ती अशी, की मध ही रानाची खरी गरज आहे, हे त्यांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. यापुढे प्रत्येक पिल्लानं मधशाखाच घ्यावी. दरबारातल्या सगळ्या जागा मधाच्या पदवीधरांना मिळतील. शेपूट हलवणाऱ्यांची आता गरज नाही, त्यांनी कालानुरूप बदलावं. हे ऐकून जे शेपूट हलवणारे होते त्यांनी जोरात शेपट्या हलवल्या. नव्या मधशाखेचे प्राचार्य म्हणून लांगूलराव नेमले गेले. हरणं, ससे, साळिंदर, सगळे आपापली पोरं घेऊन रांगेत उभे राहिले.

नोकरी गेली म्हणून टेंभुर्णीला वाईट वाटलं नाही. ती लांगूलरावांकडे गेली आणि म्हणाली की मला मधशाखेत शिकवायचं आहे. त्यांनी तिला मायेनं बसवलं.

"तुमची पदवी लांगूलचालनाची. इथे मधाची लागते."

"सर, परवाचा मध मीच आणला."

"तो आम्ही अनुभव म्हणून धरला असता. पण अनुभव पदवीनंतरचा लागतो."

मधाची पदवी सध्या कोणाकडेच नव्हती, कारण शाखा मधल्या काळात बंद होती. म्हणून ती जागा लांगूलरावांच्या पुतण्याला तात्पुरती देण्यात आली. तो अजून तिथेच आहे.

टेंभुर्णी घरी आली. झालेली हकिगत तिनं सांगितली, आणि बेहडा मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडताच तोच आधी उठला आणि तिला हाक मारली. दोघं उतारावर गेले. तेव्हापासून ते रोज जातात. पोळं सापडलं की थोडं माश्यांना ठेवतात, थोडं घरी आणतात. राजभांडारासाठी वसुलीला कोणी येत नाही, कारण वसुलीचे सगळे शिपाई मधाच्या वर्गात बसलेले असतात. टेंभुर्णीच्या नाकाला आता दोन डोंगरांपलीकडचं कळतं. उजव्या बाजूला बाप चुकला तर ती सांगते, आणि तो ऐकतो.

निवडणुकीच्या शेवटच्या सभेत महाराज म्हणाले की मी रोजगार दिला नाही असं म्हणणाऱ्यांनी उताराकडे बघावं, तिथे एक अस्वलाची मुलगी माझ्या प्रेरणेनं स्वतःच्या पायांवर उभी आहे. टेंभुर्णी तेव्हा झाडावर होती, त्यामुळे तिला ते ऐकू आलं नाही. महाराज बिनविरोध आले. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की तांबडझरीत आता एकही बेकार उरलेला नाही. जे उंबराखाली रिकामे बसलेले दिसतात, ते पुढच्या घोषणेची तयारी करत आहेत.