बापू भोपळे आणि मास्तरांचे ओठ

एकदा कृष्णाकाठच्या एका गावी एक वृद्ध शब्दभ्रमकार आपल्या शिष्यासह उत्सवाला आला. त्यांचे नाव दौलतराव. पण सारा मुलूख त्यांना मास्तर म्हणूनच ओळखत असे. शिष्याचे नाव हेरंब. मास्तरांच्या मांडीवर बसून बोलणाऱ्या लाकडी बाहुल्याचे नाव मात्र या दोघांपेक्षा अधिक प्रसिद्ध होते. त्याला लोक बापू भोपळे म्हणत.

या नावामागे एक ऐट होती. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्यावाचून उमटत नाहीत, म्हणून या विद्येतले लोक ती शक्यतो टाळतात. मास्तरांनी ऐन तारुण्यात आपल्या बाहुल्याचे नावच त्या अक्षरांचे ठेवले आणि आयुष्यभर ते ओठ न हलवता उच्चारून दाखवले. पहिल्या रांगेतले लोक डोळे ताणून बसत, पण मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

ते दिवसही वेगळेच होते. गॅसबत्तीच्या उजेडात, शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरून खेळ होत. एसटीत मास्तर बापूला ट्रंकेत न घालता खिडकीशी बसवत. कंडक्टर गंभीरपणे विचारी, "याचं अर्धं तिकीट का?" आणि बापू तितक्याच गंभीरपणे उत्तर देई, "पूर्ण द्या. पण मास्तरांचं अर्धं करा, त्यांच्या वाट्याचं मीच बोलतो." सारी गाडी हसत असे. मग घरोघरी टीव्ही आले, पटांगणे ओस पडली, बोलावणी थोडी झाली. या गावाने मात्र उत्सवातला मास्तरांचा खेळ कधी सोडला नाही.

त्या वर्षीच्या खेळाला विशेष महत्त्व होते. शहरातल्या एका कलासंस्थेने मास्तरांचा गौरव करावा असे घाटत होते आणि तत्पूर्वी त्यांची कला एकदा पाहावी म्हणून दोन जाणते गृहस्थ मुद्दाम आले होते. हेरंबाला वाटत होते, या सन्मानाला फार उशीर झाला आहे, आता तो चुकता कामा नये.

खेळ सुरू झाला. बापूने मान वळवून विचारले, "मास्तर, तुम्ही म्हातारे झालात. मग मी कसा नाही झालो?"

"तू लाकडाचा आहेस, बापू."

"मग तुम्हीही लाकडाचेच व्हायचं होतं. डोक्यापासून सुरुवात तर झालीच होती."

मंडपात हशा उसळला. हेरंब विंगेत उभा राहून समाधानाने पाहत होता. इतक्यात मास्तरांनी आपली खुर्ची थोडी पुढे, उजेडात ओढली. आणि पुढचे वाक्य बापूच्या तोंडून आले तेव्हा हेरंब विंगेतून एक पाऊल पुढे आला. मास्तरांचे ओठ हलत होते. किंचित नव्हे, चांगले स्पष्ट. प्रत्येक अक्षर ते जणू ओठांनी घडवून पुढे ठेवत होते.

लोकांत कुजबुज झाली. मागून कोणी कॉलेजचा तरुण म्हणाला, "मास्तर, ओठ हलतायत."

बापूने त्याच्याकडे वळून म्हटले, "हलू देत की. त्यांचे आहेत, ते हलवतात. माझे बघा, मला तर दोरीच ओढावी लागते."

लोक पुन्हा हसले, पण ते दोघे गृहस्थ हसले नाहीत. एकमेकांकडे पाहून त्यांनी मान हलवली. खेळ संपल्यावर ते मास्तरांना भेटले आणि म्हणाले, "वयाचा मान राखलाच पाहिजे. आता विश्रांती घ्यावी." त्यांच्या आवाजात आदर होता, पण गौरवाचा शब्दही निघाला नाही.

बिऱ्हाडी परतताना हेरंब म्हणाला, "मास्तर, प्रकृती बरी नव्हती का? मला खूण केली असती, तर मी काहीतरी निमित्त करून पडदा पाडला असता."

"प्रकृती उत्तम आहे."

"मग ओठ?"

"ते मी हलवले," मास्तर म्हणाले. "सकाळी गोदाक्कांकडे चहाला जायचं आहे. लवकर आवर."

हेरंब त्यांच्यावर मनातून रागावला होता. आयुष्यभराचे नाव एका संध्याकाळी, आणि तेही जाणूनबुजून, कोणी घालवते का, हे त्याला समजेना.

गोदाक्का म्हणजे बापूला कोरणाऱ्या सुताराची पत्नी. बापूचा पहिला कोट तिनेच शिवला होता. सुतार जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण बापू गावात आला की ती पहिल्या रांगेत येऊन बसे. सकाळी दोघे तिच्या दारात पोचले तेव्हा तिचा मुलगा पुढे आला आणि हळूच म्हणाला, "आईचे कान पार गेलेत. समोर बसून बोला, म्हणजे ओठांवरून ओळखती."

गोदाक्काने बापूला मांडीवर घेतले, त्याच्या कोटाची सुरकुती हाताने सारखी केली आणि मास्तरांना म्हणाली, "लई वर्सांनी बापू बोलला बगा. मागल्या दोन-तीन खेपंला नुसतं तोंड उघडत हुता. मला वाटलं, थकला असंल माझ्यासारखा. समदी हसली की मी बी हसायची. काल मी सगळ्यांच्या आदी हसले."

"हो अक्का," मास्तर तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले. "मी पाहिलं."

ती चहा आणायला आत गेली. हेरंब म्हणाला, "पण मास्तर, मंडप भरलेला होता. एका माणसासाठी सगळ्यांसमोर?"

मास्तर म्हणाले, "बाकीच्यांचं काय गेलं? माझे ओठ दिसले तरी बापूचं बोलणं त्यांच्या कानांवर पडतच होतं. अक्काला मात्र तेवढी एकच वाट होती. काल खेळाआधी ती भेटायला आली, तेव्हा माझ्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहत होती. आणि खेळात ती बापूकडे न बघता शेजाऱ्यांकडे बघून हसत होती. हेरंबा, ओठ न हलवण्याची विद्या आपण कशासाठी शिकलो? लाकूड जिवंत वाटावं म्हणून. माझे ओठ मिटले की तिच्यापुरतं ते पुन्हा लाकूड होत होतं. मग माझी विद्या कशात होती, मिटण्यात की हलवण्यात?"

"आणि तो गौरव?"

मास्तर हसले. "मिळाला असता तर घेतला असता. मला काही तो नकोसा नव्हता." मग त्यांनी अंगणाकडे बोट केले. "याच अंगणात बापू पहिल्यांदा बोलला. ओला रंग होता. अक्का तांदूळ निवडत बसली होती. इतकी हसली की सूप उपडं झालं. मी एवढा प्रवास केला, पण त्या हसण्यासारखी दाद मला पुन्हा कुठे मिळाली नाही."

गोदाक्का चहा घेऊन आली. हेरंबापुढे कप ठेवून ती म्हणाली, "ह्ये आल्यापास्नं गप्पच हायती. तुमी बी बोला की काही."

हेरंबाने कप खाली ठेवला. तो दाराकडे पाठ करून बसला होता, त्याचे तोंड अंधारात होते. उठून दुसऱ्या बाजूला, उजेडाकडे तोंड करून तिच्यासमोर बसला. ज्या ओठांना त्याने इतकी वर्षे निश्चल राहायला शिकवले होते, ते पुरते उघडून तो एकेक शब्द म्हणाला, "अक्का, बापूच्या लहानपणीचं काही सांगा ना मला."

गोदाक्काने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले. "सांगते की," ती म्हणाली, आणि पदर सावरून बसली.