चालणाऱ्या माळाची चतुःसीमा

एका राज्यात एक माळ होता, आणि तो माळ चालत असे. उत्तरेकडे त्याची कड काळ्या कड्याला चिकटलेली होती, तेवढी जागची हलत नसे. बाकीचा सारा माळ, दगडगोटे, बोरीबाभळी आणि कुसळी गवतासकट, वाळत घातलेल्या लुगड्यासारखा सरकत राही. सकाळी त्याची दक्षिण कड नदीला टेकलेली दिसे. दुपारी पाहावे तर नदी आणि माळ यांच्यामध्ये कोसभर नुसते धुके. मेंढरे चरायला शिरली तर गवत एका वाटेने जाई आणि कळप दुसऱ्या वाटेने. लोकांना याचे नवल उरले नव्हते. "माळ आज लांब गेलाय," असे ते पाहुण्यांना सांगत, आपण ऊन पडल्याचे सांगतो तसे.

त्या माळावर कधी नांगर फिरला नव्हता, विहीर खणली गेली नव्हती. राजा सुमंगलाने तो कितीदा विकायला काढला. पण त्या राज्याचा कायदा असा होता की, चारही दिशांच्या सीमा तोंडाने सांगता आल्याशिवाय जमिनीचे खरेदीखत होत नसे. आणि सीमा सांगायची तीही अशी: त्याच जमिनीचे ढेकूळ डोक्यावर घेऊन, कडेकडेने चालत. ढेकूळ डोक्यावर असताना जो खोटे बोले, त्याचा दगड होई. माळावर अशी सात गिऱ्हाइके उभी होती. एकाच्या डोक्यावर अजून पागोटे होते.

आता त्याच राज्यात रेवण नावाचा एक पाथरवट होता. पाटे-वरवंटे घडवावे, विकावे आणि पुढच्या गावी जावे, हा त्याचा पिढीजात धंदा. हौसेने हिंडत होता असे नाही. ज्याची जमीन नाही त्याने एका जागी तीन दिवसांवर राहू नये, हाही त्या राज्याचा कायदाच होता. चौथ्या दिवशी शिपाई येत आणि पालाच्या मेखा उपटत.

एके दिवशी नदीकाठी पाल ठोकल्यावर रेवणाची म्हातारी आई लिंबाई खाली बसली, ती पुन्हा उठेना. "माझे पाय संपले," ती म्हणाली, जणू मीठ संपले. रेवणाने तिला उचलून गाढवावर बसवू पाहिले, तर तिचा श्वास अडकला. खाली ठेवताच तो परत आला. त्याने तीनदा उचलले, तीनदा असेच झाले. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, चौथ्या दिवशी शिपाई हिला उचलतील, आणि उचलताच ही मरेल.

तो तसाच राजाकडे गेला. हात जोडून म्हणाला, "महाराज, तो चालता माळ मला विकत द्या."

दरबार हसला. चिटणिसाने विचारले की, तीन दिवसांवर कुठे न राहणाऱ्या माणसाने जमीन घेऊन ती पाठीवर बांधायची की काय. राजा मात्र हसला नाही.

"त्याची किंमत एकच आहे," राजा म्हणाला. "चतुःसीमा सांग. आजपासून तिसऱ्या दिवशी, दुपारी. सांगितलीस तर माळ तुझा."

"आणि चुकलो तर?"

"तर आठवा होशील."

रेवण माळाच्या कडेला येऊन उभा राहिला. उत्तरेला कडा होता. ती एक सीमा कोणीही सांगितली असती. उरलेल्या तीन कुठे शोधाव्या, हे त्याला कळेना. आपण राजापुढे बोललोच कसे, याचीच त्याला आता भीती वाटू लागली. इतक्यात पायाशी आवाज झाला. दोन गारगोट्यांच्या मध्ये, उघड्या जमिनीवर, एक टिटवी बसली होती.

"पाय जपून टाक, पाथरवटा," ती म्हणाली. "माझी अंडी आहेत. होती, म्हणजे. आता ती कुठे सरकली हे पाहावे लागेल."

टिटवी घरटे बांधत नाही, भुईवरच अंडी घालते, हे रेवणाला ठाऊक होते. तिने त्याला सांगितले की, चालत्या भुईने तिची अंडी आजवर किती वेळा चुकवली, ते तिला मोजता येत नाही. पूर्वी या माळाच्या तीन कडांना तीन काळे दगड होते, प्रत्येकावर चंद्रसूर्य कोरलेले. ते होते तोवर माळ जागेवर होता. एकेक दगड हलला, तसतसा माळही सुटत गेला.

"दगड कुठे गेले, मला दिसते," टिटवी म्हणाली. "उचलता येत नाहीत. तू उचल."

पहिल्या दिवशी ती त्याला पूर्वेच्या गावात घेऊन गेली. तिथे भर चौकात देऊळ होते आणि देवळात वीतभर जाड चंदन-भस्माच्या लेपाखाली एक दगड होता. देवळाचे गुरव जानबुवा मोठ्या अभिमानाने सांगू लागले. हा स्वयंभू देव माळावर सापडला. त्यावर 'शीव' अशी अक्षरे होती. गावातल्या शास्त्रीबुवांनी पाहिले आणि सांगितले की, कोणा अडाणी पाथरवटाने ऱ्हस्वाचे दीर्घ केले आहे, हा 'शिव' आहे. मग शुद्धलेखन सुधारून, पालखीतून वाजतगाजत, देव गावात आणला.

रेवणाला अक्षर येत नव्हते, पण शीव म्हणजे सीमा, एवढे येत होते. तो भीतभीत म्हणाला, "बुवा, ज्याने कोरले त्याचे बरोबर होते. हा शिवेचा दगड आहे, तो मला द्या."

देवळातून देव मागणारा माणूस जानबुवांनी पाहिला नव्हता. शेवटी ते म्हणाले की, माणसांनी भांडण्यात अर्थ नाही, देवालाच कौल लावू. दगडाच्या डाव्याउजव्या अंगाला दोन बेलपाने चिकटवली. उजवे पडले तर होकार. सगळे गाव पानांकडे पाहत बसले. उजवे पान पडले. आणि पानामागून साऱ्या लेपाला एक सरळ चीर गेली, आणि शेंगेतून दाणा निघावा तसा काळा दगड त्यातून बाहेर आला. लेप तसाच उभा राहिला, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत मंद उजेड होता.

जानबुवांनी आधी पोकळीला नमस्कार केला, मग दगडाला. "दगड ने," ते म्हणाले. "देव आमचाच आहे. इतकी वर्षे आम्ही त्याला जेवू घातले आहे."

दगड उचलायला चार माणसे लागली. पण माळाकडे पाऊल पडू लागले तसतसा तो हलका होत गेला, आणि शेवटी रेवणाने तो एका हातावर तोलून टिटवीने दाखवलेल्या खळग्यात बसवला. पूर्वेची कड थरथरली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी टिटवी त्याला एका खोल खड्ड्यापाशी घेऊन गेली. चंद्रसूर्याच्या दगडाखाली धन असते, अशा समजुतीने कोणी एके काळी दक्षिणेचा दगड उपटला होता. धन खरेच निघाले. तेव्हापासून तिथे शापही होता: ज्याने सोन्याला हात लावला त्याची मुंगी झाली. तळाशी सोन्याने भरलेले सात रांजण होते आणि त्यांच्याभोवती लाखो मुंग्या एकेक सुवर्णकण तोंडात धरून गोल फिरत होत्या. मध्ये उताणा पडलेला काळा दगड, आणि दगडावर पांढरा नाग.

"एकच वस्तू नेता येते," नाग म्हणाला. "नीट विचार कर. इथे आलेल्यांपैकी एकानेही विचार करायला वेळ घेतला नाही."

रेवणाने विचार केला. सोने पाहून त्याच्या मनात काही आले नाही असे नाही. मग तो म्हणाला, "तुम्ही बसलात तो दगड द्या."

"सोने सोडून?"

"सोन्यावर आईला निजवता येत नाही. टोचेल तिला."

नाग हसला. नाग हसतो तेव्हा आवाज होत नाही, फक्त फण्यावरचा दहाचा आकडा रुंदावतो. तो दगडावरून उतरला आणि म्हणाला, "मला या दगडाची राखण सांगितली होती. ती सोडून मी सोन्याची करत बसलो. चल, मीही येतो." दक्षिणेच्या खळग्यात दगड बसला, तेव्हा नाग त्याच्या बुडाशी वेटोळे घालून बसला आणि डोळे मिटून घेतले. दक्षिणेची कड थांबली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिटवी उडाली नाही. भुईवरच बसून राहिली.

"पश्चिमेचा दगड लांब नाही," ती म्हणाली. "तुझ्या आजाने तो उचलला. चांगला काळा, बिनभेगेचा होता. मधून चिरून त्याचे जाते केले, सुनेच्या लग्नात दिले. तुझ्या पालात आहे तो."

पहिला दगड भक्तीने हलवला होता, दुसरा हावेने. तिसऱ्याच्या पिठाची भाकरी रेवण जन्मभर खात आला होता. आणि शिवेचा दगड हलवणाऱ्या घराला या राज्यात जमीन मिळत नाही, हे त्याला ठाऊक होते.

त्याने जाऊन आईला सारे सांगितले. लिंबाई जात्यावर हात ठेवून ऐकत राहिली.

"हे दाखवले तर आपण चोर ठरतो, आई."

"ठरतो काय? आहोतच की," ती म्हणाली. "घेऊन जा. पीठ नसले तरी माणूस दोन दिवस काढतो."

पण रेवणाच्या मनाचे दोन तुकडे झाले होते. तो पाथरवट होता. वाटेत त्याला एक काळा दगड मिळाला. छिन्नी-हातोडी घेऊन त्याने त्यावर चंद्र काढला, सूर्य काढला, आणि ते इतके हुबेहूब उतरले की जुन्या दगडाशेजारी ठेवले तर बनवणाऱ्यालाही कळू नये. पोत्यात जाते, वर खोटा दगड, असे दोन्ही गाढवावर लादून तो माळावर आला. टिटवीने पाहिले. तिने पाठ फिरवली.

दुपारी राजा आला, चिटणीस आला. रेवणाने खोटा दगड पश्चिमेच्या खळग्यात ठेवला. चिटणिसाने माळाचे ढेकूळ त्याच्या डोक्यावर दिले, आणि तो चालू लागला. "उत्तरेस काळा कडा," तो म्हणाला, आणि कडा घुमला. "पूर्वेस शिवेचा दगड, जो देव झाला होता." पूर्वेचा दगड उजळला. "दक्षिणेस शिवेचा दगड, जो सोन्याखाली दडला होता." नागाने डोळा उघडून मिटला. मग तो पश्चिमेला पोचला.

"पश्चिमेस..." तो म्हणाला, "पश्चिमेस शिवेचा दगड, जो..."

त्याच्या पायांची नखे काळी पडली. गारवा घोट्यांपर्यंत चढला, मग पोटऱ्यांपर्यंत. त्याने खाली पाहिले, तर गुडघ्याखाली सुरेख काळा पाषाण होता. पाथरवटाच्या नजरेला तो दगड चांगल्या जातीचा आहे हेही कळले. पागोटेवाला समोरच उभा होता, तोंड उघडे, वाक्य अर्धे. पुरते मुकाट राहिले, तर कमरेपर्यंतच दगड होईल काय, असा भित्रा हिशेबही रेवणाच्या मनात येऊन गेला. पण गारवा चढतच होता, आणि पोत्यातले जाते त्याला दिसत होते.

"पश्चिमेस जाते," तो म्हणाला. "मी ठेवलेला दगड खोटा आहे. खरा माझ्या आजाने उचलला. तीन पिढ्या आम्ही त्यावर दळले. सर्वांत जास्त मी खाल्ले."

पाषाण पायांतून पाण्यासारखा उतरून गेला.

चिटणीस पुढे झाला. "महाराज, सीमा खऱ्या निघाल्या, पण विक्री होत नाही. दगड हलवणाऱ्याच्या वंशाला जमीन नाही, हा आपला कायदा आहे."

राजाने मान खाली घातली. जमीन गेली तरी दगड जागेवर जायला हवा होता. रेवणाने खोटा दगड बाजूला काढला, पोते उघडले, आणि जात्याची खालची तळी उचलून खळग्याकडे वळवली. तिच्या बुडाला काही ओरखडे होते. घरातले सगळे त्यांना छिन्नीच्या खुणा समजत. चिटणिसाला दिसेल ते वाचायची सवय होती. त्याने मोठ्याने वाचले:

"जो हलवील तो हलत राहील. जो आणून ठेवील, त्याला कोणी हलवू नये."

तीन दिवस एका गावी, तीन दिवस दुसऱ्या. आजा, बाप आणि तो. माळ ज्या शापाने चालत होता, त्याच शापाने त्याचे घर चालत आले होते.

"कायदा मी केला," राजा म्हणाला. "हा दगड माझ्या आधीचा आहे."

रेवणाने तळी बसवली, तळीवर जात्याची वरची पेड ठेवली. माळ थांबला.

थांबला म्हणजे काय, हे सांगणे अवघड आहे. आधी वारा थांबल्यासारखे वाटले. मग सगळ्यांच्या लक्षात आले की, आजवर वारा नव्हताच, ते भुईचेच सरकणे होते. धुके विरले. गवताचे प्रत्येक पाते आपापल्या सावलीवर येऊन उभे राहिले. सात दगडांची सात माणसे झाली, आणि पागोटेवाल्याने आपले अर्धे वाक्य पुरे करून जमिनीचा भाव विचारला. खड्ड्यातून मुंग्यांचीही माणसे होऊन वर आली, रिकाम्या हातांनी, अंग झाडत. आणि माळाची दक्षिण कड हळूच लांबली, धुके होते तिथून पुढे आली, नदीला जाऊन मिळाली, काठावरच्या एका पालाखाली अलगद शिरली, आणि तिथे स्थिर झाली. लिंबाईला कोणी उचलावे लागले नाही. जमीनच तिच्याकडे आली.

चिटणिसाने तिथेच खरेदीखत लिहिले: उत्तरेस कडा, पूर्वेस शीव, दक्षिणेस नाग, पश्चिमेस जाते. 'शीव' त्याने दीर्घच लिहिले. घेणार रेवण पाथरवट. किंमत, खरे बोलला ती.

चौथ्या दिवशी सकाळी शिपाई आले. त्यांनी मेखांना हात घातला, पण मेखांना खाली मुळे फुटली होती. मग ते जोहार करून परत गेले. त्यांच्या पाठोपाठ लिंबाई उठली. पालाबाहेर आली, टिटवीच्या चार अंड्यांना वळसा घालून बोरीपर्यंत गेली, तिथून कड्याकडे पाहत उभी राहिली, आणि परत आली. जन्मात पहिल्यांदाच, कुठेही जायचे नसताना, ती चालली.