महाराजांचं मरण आणि तीन नामांकनं

"धुरपा माळीण! उद्या दरबारात तुझी पाळी!" शिपाई दारातूनच ओरडला आणि धुरपाच्या मांडीवर नुकतीच पेंगू लागलेली बयो दचकून किंचाळली.

"मेल्या, हळू बोललास तर पगार कापतात का रे?" धुरपा म्हणाली. पण शिपाई पुढच्या दारी ओरडायला गेलासुद्धा!

भानगड अशी होती. करवंदनगरचे राजे उदयभान दर साली नाट्योत्सव भरवत आणि शेवटी उत्कृष्ट अभिनयाची तीन नामांकनं स्वतः जाहीर करत. पण लोक वस्ताद! कोणाची नावं निघणार, हे न्हाव्यापासून कासारणीपर्यंत सगळ्यांना आधीच ठाऊक. गेल्या साली महाराजांनी पहिलं नाव वाचलं आणि पुढची दोन प्रेक्षकांनीच एका सुरात म्हणून टाकली!

महाराज हट्टाला पेटले. "एवढं कळतं काय? मग या साली घरटी एकाने माझ्यासमोर येऊन सांगायचं! बरोबर आलं तर सोन्याचे तोडे. चुकलं तर पुढच्या उत्सवापर्यंत तोंडाला मुसकं!" मळणीच्या बैलाला घालतात तेच.

त्यात गोम अशी, की महाराज नावं ठरवणार ती समोरच्याचं ऐकून झाल्यावर. दुसरी गोम त्याहून वाईट. या साली एका नाटकात खुद्द महाराजांनीच काम केलं होतं! कोणी त्यांचं नाव घेतलं की ते गरजत, "खुशामत्या! मी माझ्याच तोंडाने माझं नाव घेईन होय? घाला मुसकं!" नाही घेतलं की गरजत, "म्हणजे माझं काम वाईट झालं? घाला मुसकं!"

बघता बघता निम्मं नगर मुकं झालं. भजनात नुसते टाळ वाजू लागले. राजज्योतिषी खुणांनी मुहूर्त सांगू लागले. त्यांनी दाखवलेली पाच बोटं म्हणजे पंचमी की पाच मुलं, यावरून एका मांडवात मारामारी झाली!

धुरपाचं तोंड वर्षभर बंद राहिलं असतं तर सासूने साखर वाटली असती. पण बयोचं काय? अंगाई ऐकल्याशिवाय ती डोळा मिटत नसे. वर्षभर अंगाई नाही म्हणजे वर्षभर झोप नाही. बयोला नाही, घराला नाही, आळीलाही नाही!

"रडू द्यावं, आपोआप झोपतात," शेजारणी म्हणाल्या. हे सांगणाऱ्या बायकांची मुलं नेमकी केव्हाच मोठी झालेली असतात.

दुसऱ्या दिवशी झोपलेल्या बयोला झोळीत घेऊन धुरपा दरबारात उभी राहिली. तिच्या जागी मी असते, तर मला उत्तर घरी परतल्यावर भांडी घासताना सुचलं असतं. धुरपाला तिथेच सुचलं.

"बोल माळीणबाई, कोणाची नावं निघणार?"

"सांगते सरकार. पण मी नाटक अगदी मागे बसून पाहिलं. तिथून तुमच्यापेक्षा पुढची मंडळीच जास्त दिसतात."

"पाल्हाळ नको! नावं सांग!"

"पहिलं प्रधानजींचं. दुसरं सेनापतींचं. तिसरं खजिनदारांचं!"

दरबार हादरला. "अगं, हे तिघे मंचावर चढले तरी होते का?" महाराज ओरडले.

"चढले नाहीत, पण कामं काय केली सरकार! शेवटच्या अंकात तुम्हाला बाण लागला. समयांत दोनदा तेल घातलं, तरी तुम्ही मरतच होता. मधे एकदा उठून पाणीसुद्धा प्यायलात! तरी प्रधानजी उपरणं भिजेपर्यंत रडले. सेनापती 'वाहवा' करून असे ओरडले, की त्यांचा घसा अजून बसलेला आहे. आणि खजिनदारांनी तर 'पुन्हा एकदा मरा' म्हणून पाय धरले! असा अभिनय मी जन्मात पाहिला नाही!"

"खोटं!" महाराज लालबुंद झाले. "त्यांचं रडणं अस्सल होतं! मी यांची नावं मुळीच काढणार नाही. घाला हिला..."

"थांबा सरकार! रडणं अस्सल असेल, तर एवढ्या मोठ्या माणसांना रडवणाऱ्याचंच नाव पहिलं निघालं पाहिजे. घ्या, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव घ्या! आणि ते घ्यायचं नसेल, तर रडणं नकली. मग नामांकनं यांचीच!"

महाराजांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मुसक्यावाचून गप्प झालेले ते नगरातले पहिलेच!

"प्रधानजी," शेवटी ते म्हणाले, "खरं सांगा. अस्सल की नकली?"

प्रधानजींनी घाम पुसायला उपरणं झटकलं आणि त्याच्या गाठीतून सुकलेला अर्धा कांदा टप्पकन खाली पडला.

महाराजांनी कांद्याकडे पाहिलं. प्रधानजींकडे पाहिलं. आणि असे खो खो हसत सुटले, की मुकुट कानावर आला! "नामांकनं जाहीर! प्रधानजी, सेनापती, खजिनदार! पण बाई, आता माझ्या कामाचंही खरं सांग. मुसकं नाही घालणार."

"सरकार, माझी बयो माझ्या अंगाईनेही धड झोपत नाही. पण त्या दिवशी तुम्ही मरायला लागलात आणि ती जी झोपली, ती सकाळीच उठली! मला मुसकं घातलं असतंत, तर रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊन तुम्हालाच मरावं लागलं असतं!"

महाराजांना हसता हसता ठसका लागला. धुरपाला तोडे मिळाले आणि नगरातली सगळी मुसकी त्याच क्षणी सुटली. मग काय! तुंबलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर पडलं. त्या कल्लोळाने बयो जागी झाली आणि तिने असा टाहो फोडला, की सेनापतींनी कान झाकले. धुरपाने थोपटलं, झुलवलं, खुळखुळा वाजवला. छे!

महाराजांनी घसा खाकरला. छातीवर हात ठेवून ते सिंहासनावर आडवे झाले. "हाय रे दैवा! लागला, लागला तो बाण..."

बयोचे डोळे मिटले. पाठोपाठ प्रधानजींची मान कलली आणि ते घोरू लागले. या वेळी मात्र अभिनय नव्हता!